एवढं एक पाकीट नेशील का?

खूप दिवसांनी लिहितेय. मधे लिहिणं बंद आणि वाचन चालू होतं, तेही खरं सांगायचं तर व्हॉट्सॅपवर येऊन पडणारं. तर परवा आमच्या भावंडांच्या ग्रुपवर मामेभावाने एक यादी टाकली, 'परदेशातले चित्रविचित्र कायदे'. तो सहकुटुंब सिंगापूरला चाललाय, त्यामुळे सध्या ग्रुपवर दुसरा विषय नाही. यादीत सिंगापूरच पहिल्या नंबरावर. च्युइंगगम खाल्लं की तुरुंग, सार्वजनिक संडासात फ्लश केलं नाही की दंड, स्वतःच्या घरात कपड्यांशिवाय फिरताना बाहेरून कुणाला दिसलात की दंड, डुरियन नावाचं वासाळ फळ घेऊन ट्रेनमधे चढायला बंदी. खाली पंधरा-वीस हसरे चेहरे. आत्याने लिहिलं, "त्यापेक्षा आपलं महाबळेश्वर बरं, काहीही चघळा."

मी पण हसले. मग त्या यादीत काय नाहीये ते लक्षात आलं आणि मामेभावाला फोनच केला. तो म्हणाला, "अगं ताई, गंमत म्हणून टाकलीय." गंमत आहे हे कळतंय रे बाबा. पण असल्या याद्यांनी होतं काय, की माणूस गमची पाकिटं तेवढी घरी ठेवतो आणि बाकीची बॅग डोळे मिटून भरतो.

आता आधी त्या गमचं सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी विचारेलच. सिंगापूरमधे मेट्रो सुरू झाली १९८७ साली. लोक चघळलेलं गम डब्यांच्या दाराला चिकटवायचे, सेन्सर बंद पडायचे, दारं लागायची नाहीत आणि गाड्या खोळंबायच्या. १९९२ च्या जानेवारीपासून गमवर बंदी आली. पण गंमत अशी की चघळणं हा गुन्हाच नाही. आणणं आणि विकणं हा गुन्हा आहे. २००४ पासून दातांसाठीचं किंवा सिगारेट सोडवण्यासाठीचं औषधी गम मिळतंही, अमेरिकेबरोबर व्यापार करार झाला त्यात ती वाट निघाली. म्हणजे तीस वर्षांहून जुन्या बंदीवर अख्खं जग अजून हसतंय आणि तीसुद्धा नीट माहीत नसताना.

बाकीच्या नियमांचंही तसंच. विचित्र वाटतात, पण पाच मिनिटं शोधलं की कारण सापडतं. रात्री साडेदहानंतर सकाळी सातपर्यंत सार्वजनिक जागी दारू प्यायला मनाई आहे. हा कायदा २०१५ चा. त्याच्या आधी २०१३ च्या डिसेंबरात लिटल इंडियामधे, आपल्याच तामिळनाडूतल्या एका बांधकाम मजुराचा बसखाली येऊन मृत्यू झाला आणि दंगल उसळली होती. हॉकर सेंटरमधे, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, जेवण झाल्यावर आपलं ताट आपण उचलून ठेवायचं, नाहीतर आधी लेखी ताकीद आणि पुन्हा तेच केलंत तर दंड. हे २०२१ च्या सप्टेंबरपासून. आईला हा नियम फार आवडला. "आमच्या घरी हा कायदा एकोणीसशे सत्तरपासून आहे," म्हणाली, आणि बाबा असते तर काय म्हणाले असते ते आम्हाला दोघींनाही ऐकू आलं.

असो. मुद्द्यावर येते.

सिंगापूरला मी पहिल्यांदा गेले २००९ साली. दादाला तिथे नोकरी लागून वर्षच झालं होतं, बाबा होते, आम्ही तिघं गेलो. तेव्हा विमानात एक कागदी कार्ड भरायला द्यायचे. नाव, पासपोर्ट नंबर, कुठे उतरणार वगैरे. त्या कार्डावर लाल अक्षरात लिहिलेलं असायचं की सिंगापूरच्या कायद्याने अमली पदार्थांची तस्करी करणाऱ्याला मृत्युदंड आहे. बाबांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "स्वागत बरं आहे." तो आमचा घरातला विनोद होऊन बसला. पाहुणे आले की बाबा दार उघडून तेच म्हणायचे. आता ते कागदी कार्ड गेलं, आपण घरूनच ऑनलाइन भरतो (फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका). लाल अक्षरांपुढे चष्मा वर करून थांबायची वेळ आता येत नाही. मोबाइलवर पुढे, पुढे, पुढे दाबत आपण मोकळे.

तो विनोद नव्हता हे मला फार उशिरा कळलं. १५ ग्रॅमपेक्षा जास्त शुद्ध हेरॉइन किंवा ५०० ग्रॅमपेक्षा जास्त गांजाची तस्करी सिद्ध झाली तर शिक्षा फाशी. १५ ग्रॅम म्हणजे साखर मोजली तर तीन-चार चमचे. आणि तस्करी म्हणजे दरवेळी विकताना पकडलं जायला लागत नाही, दोन ग्रॅमच्या वर हेरॉइन जवळ सापडलं की ते विकण्यासाठीच होतं असं धरून चालतात. २०१३ पासून एवढी सूट आली की जो केवळ पोचवणारा होता आणि ज्याने तपासात खरोखर मदत केली, त्याला न्यायाधीश जन्मठेप देऊ शकतात. ही सगळी कागदावरची धमकी नाही. २०२३ च्या जुलैमधे एका स्त्रीला तिथे फाशी झाली, जवळजवळ वीस वर्षांत पहिल्यांदाच.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आपण सुपारीसुद्धा न खाणारी माणसं.

संबंध आहे, आणि तो गमच्या यादीत कधीच नसतो. सिंगापूरच्या १९७३ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात अठरावं कलम आहे. माझ्या भाषेत सांगते, वकील मंडळींनी माफ करावं. तुमच्या ताब्यातल्या वस्तूत असा पदार्थ सापडला तर तो तुमच्याच ताब्यात होता असं कायदा गृहीत धरतो. आणि तो पदार्थ नेमका काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, असंही गृहीत धरतो. नव्हतं ठाऊक? मग ते तुम्ही सिद्ध करायचं. 'ते पाकीट माझं नाही हो, शेजारच्यांनी दिलं होतं' हे वाक्य तिथे बचाव म्हणून सुरू होतं, पण संपत नाही. पुरावा आणा.

आता आपल्याकडची पद्धत बघा. कुणी परदेशी निघालं असं कळायचा अवकाश. "अगं जातेयस ना, मग एवढं एक पाकीट नेशील का? एवढंसंच आहे. ती येऊन घेऊन जाईल, तुला काही त्रास नाही." आणि आपण नेतो. मी नेलीयेत. माझ्यासाठी लोकांनी नेलीयेत. दादा गेला तेव्हा त्याचा प्रेशर कुकर डोंबिवलीतल्याच एका ओळखीच्या ओळखीच्या मुलाने नेला होता, आणि त्या मुलाने तो उघडून बघितला असेल असं मला वाटत नाही. आत आईने चिवडा कोंबला होता. ही एक मोठी प्रेमाची टपाल-सेवा आहे, तिला तिकीट लागत नाही, आणि तिचा एकच अलिखित नियम आहे: दुसऱ्याचं पाकीट उघडायचं नाही. उघडणं म्हणजे अविश्वास.

२०२३ ची दिवाळी झाल्यावर आई आणि मी दादाकडे निघालो. आदल्या रात्री समोरच्या काकू आल्या. ज्यांना आमचं घर माहीत आहे त्यांना या काकू माहीत आहेत. आई शाळेत नोकरीला होती, मी आणि दादा दुपारची शाळा सुटल्यावर आई येईपर्यंत काकूंकडे असायचो. माझ्या वेण्या त्यांनी घातल्यात, कांजिण्या त्यांनी काढल्यात. त्यांची लेक आता सिंगापूरला असते. काकूंच्या हातात साड्यांच्या दुकानाची कापडी पिशवी, पिशवीत बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, डब्याला चारी बाजूंनी खाकी चिकटपट्टी. अशी लावलेली की डबा बुडाला तरी आत थेंब जाऊ नये. "वजन जास्त नाही गं," म्हणाल्या. साडेतीन किलो होतं.

दादाने फोनवर बजावलं होतं, कुणाचंही बंद पार्सल आणायचं नाही. त्याच्या ऑफिसात एकदा पोलिसांनी येऊन भाषण दिलं होतं, तेव्हापासून तो या बाबतीत जरा जास्तच... म्हणजे मला तेव्हा जास्त वाटायचं. मी काकूंसमोर 'हो' म्हटलं, डबा ठेवून घेतला आणि त्या गेल्यावर तासभर त्याच्याकडे बघत बसले. आई म्हणाली, टाक बॅगेत. मी टाकला. मग बाहेर काढला. मग नऊ वाजता कात्री आणि डबा घेऊन समोरचं दार वाजवलं.

त्यांना सांगताना मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. काकू काय बोलल्या ते मात्र शब्दन्शब्द आठवतं.

"म्हणजे मी काय त्यात गांजा भरलाय?"

काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मी म्हटलं, "काकू, तुमच्यावर संशय नाहीये हो. तिथे विचारलं तर आत काय आहे ते मला सांगता यायला हवं. मी तुमच्यासमोरच उघडते, तुमच्यासमोरच बंद करते."

"उघड. उघड ना. इतकी वर्षं माझ्या हातचं न बघता खाल्लंस."

उघडलं. मेतकूट. थालीपिठाची भाजणी. गोडा मसाला. पाव किलो खसखस, वेगळी पुडी. तपकिरीची डबी, लेकीच्या सासूबाईंसाठी, त्या हल्ली तिथेच राहतात. आणि पायमोज्यात गुंडाळलेली खोकल्याच्या औषधाची बाटली, जावयाला म्हणे त्याशिवाय दुसरं लागूच पडत नाही. बाटलीवर बारीक अक्षरात कोडीन.

मी खसखस बाजूला ठेवली. सिंगापूरमधे खसखस न्यायला बंदी आहे, कारण ती अफूच्याच बोंडातली आणि तिच्यात मॉर्फीनचा अंश सापडू शकतो. दुबईतही नेता येत नाही. (अनारसेवाल्यांनी नोंद घ्यावी. आखाती देशांत जाताना विड्याची पानंसुद्धा नकोत, अमिरातीत बंदी आहे.) काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "अगं तिथे मिळत नाही म्हणून तर पाठवतेय!"

आता यावर मी काय बोलणार. तिथे का मिळत नाही तेच तर सांगत होते.

तपकीरही बाजूला. गुटखा, खैनी, जर्दा, तपकीर या सगळ्यावर सिंगापूरने २०१६ च्या ऑगस्टपासून बंदी घातलीये. कोडीनसारख्या औषधांना तिथे नियम आहेत, न्यायच्या आधी विचारावं लागतं, आणि तेही स्वतःचं औषध, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. दुसऱ्याच्या जावयाच्या खोकल्यासाठी मोज्यात घालून नव्हे. उरला गोडा मसाला. काकू त्यात खसखस भाजून घालतात. "ती दळलेली कोण शोधणार?" काकांनी विचारलं. खरंच, कोण शोधणार. पण मी तोही ठेवला. तेवढ्यावर मात्र काकू काहीच बोलल्या नाहीत, आणि बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

यातलं काहीही मला फासावर नेणारं नव्हतं हे मलाही कळतं. जास्तीत जास्त सामान गेलं असतं, दंड झाला असता, विमानतळावर दोन तास बसवलं असतं. पण माझं म्हणणं वेगळं आहे. माझ्यावर जिवापाड माया करणाऱ्या बाईने, कसलीही वाईट कल्पना मनात नसताना, एका डब्यात चार अडचणीच्या वस्तू भरल्या होत्या. आणि तो डबा मी न उघडता नेणार होते, कारण उघडणं वाईट दिसतं.

जिथे मनात वाईट असतं तिथे काय होतं तेही घडून गेलेलं आहे, आणि आपल्याच मुंबईतल्या माणसांच्या बाबतीत. २०१९ च्या जुलैमधे एक तरुण जोडपं कतारला फिरायला गेलं. सहल नवऱ्याच्या आत्याने भेट दिली होती. बरोबर एक पाकीटही दिलं, तिथल्या कुणाला तरी द्यायला, तंबाखू-गुटख्यासारखं काहीतरी आहे म्हणून सांगून. दोहा विमानतळावर त्यांच्या सामानात चार किलोहून जास्त चरस निघालं. दोघांना दहा-दहा वर्षं. बायको गरोदर होती, मूल तुरुंगात जन्माला आलं. इथे घरच्यांनी धावाधाव केली, आपल्या अमली पदार्थ विभागाने तपास केला, ते दोघं फसवले गेल्याचं पुढे आलं, आणि २०२१ च्या एप्रिलमधे ती तिघं परत आली. गेली दोन आणि आली तीन. मी ती बातमी वाचली तेव्हा माझ्या डोक्यात एकच आलं, आत्याने दिलेलं पाकीट कोण उघडून बघतं?

२०२३ च्या एप्रिलमधे मुंबईची एक अभिनेत्री ऑडिशनच्या बोलावण्यावरून शारजाला गेली. बरोबर न्यायला एक ट्रॉफी दिली होती. ट्रॉफीत माल. तीन आठवड्यांच्या वर ती तिथल्या तुरुंगात होती, मग मुंबई पोलिसांनी फसवणाऱ्यांना शोधलं म्हणून सुटली. या दोन्ही ठिकाणी नशिबाने इथल्या यंत्रणेने हातपाय हलवले. कतार आणि शारजा ही सिंगापूर नव्हेत, तिथले कायदे वेगळे. पण विमानतळावर बॅग उघडली जाते तेव्हा टेबलापलीकडच्या माणसाला दिसतं ते सगळीकडे एकच: बॅग तुमची, टॅगवर नाव तुमचं.

आणि आपण तर हे लेखी-तोंडी कबूल करून आलेलो असतो. चेक-इनच्या काउंटरवरची मुलगी विचारते, बॅग तुम्ही स्वतः भरली का? कुणी काही न्यायला दिलंय का? आठवून सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी या प्रश्नाला आजवर खरं उत्तर दिलंय? मी तर तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत 'हो-नाही' म्हणून मोकळी होते. म्हणजे पहिल्याला हो, दुसऱ्याला नाही. आत भावजयीच्या आईचं लोणचं, वरच्या मजल्यावरच्यांची कागदपत्रं आणि कुणाच्या तरी बाळाची चांदीची वाटी.

मला विचाराल तर सिंगापूरचा कायदा मला पटत नाही. फाशीच मुळात पटत नाही, आणि निर्दोष असल्याचं आरोपीने सिद्ध करायचं हे तर आपल्या शाळेत शिकवलेल्या नागरिकशास्त्राच्या बरोबर उलट आहे. हे मी दादाशी भांडलेय. तो पंधरा वर्षं तिथे राहतो, रात्री दोन वाजता वहिनी एकटी टॅक्सीने येते, त्याला त्या कायद्यात काही चूक दिसत नाही. त्याला आता तिथलं कायमचं वास्तव्य मिळालंय, म्हणजे तो थायलंडला जाऊन गांजा ओढला तरी सिंगापूरमधे गुन्हेगार, देशाबाहेर केलेलं सेवनसुद्धा त्यांच्या कायद्यात धरलं जातं. दादा सिगारेटही ओढत नाही म्हणून त्याला काही वाटत नाही. मला वाटतं. पण मला पटतं की नाही हा प्रश्न चांगी विमानतळावर कुणी विचारत नाही.

आणि आपण फार हसू नये. दादानेच मला दाखवलं, आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, पस्तिसाव्या आणि चोपन्नाव्या कलमात, असंच गृहीत धरलेलं आहे. माल जवळ सापडला तर माहीत नव्हतं हे आरोपीने पटवायचं. मी इतकी वर्षं इथे राहून मला हे सिंगापूरच्या निमित्ताने कळलं. परदेशी माणसाने आपल्यावर यादी केली तर काय काय निघेल! महाराष्ट्रात दारू प्यायला कायद्याने परवाना लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून. किती जणांच्या खिशात असतो? सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय आणला तर आपल्याकडे गुन्हा आहे. डोंगरात हरवलं तर उपयोगी पडावं म्हणून लोक एक छोटं उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र बाळगतात, तसलं यंत्र सापडलं म्हणून गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना धरलंय. त्यांच्या ब्लॉगवर आपण 'चित्रविचित्र भारत' असणार.

हं, आणि व्हेप. कॉलेजातल्या पोरांच्या आईबापांनो, हे वाचा. सिंगापूरमधे २०१८ पासून ई-सिगारेट नुसती जवळ बाळगणंही गुन्हा आहे, २०२५ मधे त्यांनी ते आणखी कडक केलंय. साध्या सिगारेटचं एक पाकीट नेलं तरी त्यावर कर भरावा लागतो, ड्युटी-फ्रीची सवलत नाही. आमच्या घरातल्या एका भाच्याला हा परिच्छेद उद्देशून आहे, त्याला कळेल.

काकूंचं राहिलं. त्यांची लेक दादाच्या घरी येऊन मेतकूट आणि भाजणी घेऊन गेली. एवढ्या मोठ्या डब्यात दोन पुड्या बघून तिने विचारलं, बाकीचं काय झालं? मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आईला मी दरवेळी सांगते, काही पाठवू नकोस. तिला वाटतं मी भिडेखातर म्हणते." मग भाजणीचा वास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं तिच्या. त्यावर मला काही सुचलं नाही. मी तिला ताटं उचलायच्या नियमाबद्दल काहीतरी बोलत बसले.

काकू पाडव्यापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. आता बोलतात, पण 'अहो-जाहो' करून. तीस वर्षं 'अगं' म्हणणारी बाई 'अहो' म्हणाली की काय होतं ते ज्यांना कळतं त्यांना कळेल. त्या हा ब्लॉग वाचत नाहीत, सून वाचते. तिला वाटलं तर तिने सांगावं, की परत अशी वेळ आली तर मी परत कात्री घेऊन येईन, पण आदल्या रात्री नाही. चार दिवस आधी येईन आणि डबा त्यांच्याबरोबर बसून भरेन. माझं चुकलं असेल तर एवढंच, की मी वेळ न ठेवता गेले आणि कात्री हातात घेऊन गेले. आईचंही हेच म्हणणं. "तुझं बरोबर होतं, पण कात्री पदराखाली तरी धरायचीस." मी पंजाबी ड्रेसमधे होते, पण असो.

मामेभावाला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याने यादी ग्रुपवरून काढली नाही, पण खाली एक ओळ टाकली: 'पार्सलं उघडी आणावीत, खसखस नको.' दुसऱ्या दिवशी आत्याचा मला फोन. तिच्या नणंदेच्या मुलासाठी तिने लाडू केलेत, पारदर्शक डब्यात घातलेत, झाकण नुसतं टेकवलंय आणि वर कागदावर साहित्य लिहिलंय, बेसन, तूप, पिठीसाखर, वेलची.

"वाचून दाखवू?" म्हणाली. "आणि जायफळ घातलंय गं किंचित. ते चालतं का विचार आधी."